काटे, खडे आणि कालवं : नाशिकमधील एका संदर्भसंग्रहाच्या प्रकल्प नोंदी

५ मे २०२४

संदर्भसंग्रहाच्या कामाला आज प्रत्यक्ष सुरुवात झाली. प्राचीन काळी समुद्रकिनारी राहणारी माणसे काय खात होती, हे त्यांच्या उकिरड्यात उरलेल्या हाडांवरून आणि शिंपल्यांवरून कसे ओळखतात, ते नाशिकच्या विद्यार्थ्यांना वस्तू हातात घेऊन पाहता यावे, एवढाच या प्रकल्पाचा हेतू आहे. प्राणिशास्त्र शिकवण्यात बरीच वर्षे गेली. परंतु उत्खननातील काटा ओळखायचा तर पुस्तकातील आकृती पुरत नाही, हे मला फार उशिरा उमगले. मातीतून निघालेला तुटका मणका कोणत्या माशाचा, हे ठरवण्यासाठी त्याच्या शेजारी ठेवायला त्याच जातीचा, मापे घेतलेला, खात्रीचा मणका लागतो. जगभरचे अभ्यासक हाच उद्योग करतात. आधी आजचे मासे सोलतात आणि मग जुने वाचतात.

१ जूनपासून ३१ जुलैपर्यंत किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते, म्हणून ताज्या माशांची खरेदी या महिन्यातच उरकायला हवी. आज बाजारातून बांगडा, ढोमा, करकरा, शिंगाळा, पापलेट, बोंबील आणि एक लहान मुशी आणली. ढोम्याची डोकी अख्खी हवीत, असे सांगितल्यावर मासेवाल्या मावशींनी विचारले, “मॅडम, डोक्यात काय आहे? खडाच तर आहे.” मला तो खडाच हवा होता, आणि त्यांना तो ठाऊक होता, याचा मला फार आनंद झाला.

९ मे

चार दिवस हाडे स्वच्छ करण्यात गेले. मासा उकळला तर काम लवकर होते, पण कोवळे काटे वाकतात. म्हणून फक्त गरम पाण्यात बुडवून ठेवायचा, मांस सैल झाले की चिमट्याने सोडवायचे आणि उरलेले चिकट पापुद्रे कपडे धुण्याच्या पावडरच्या कोमट पाण्यात दोन दिवस ठेवून जुन्या दात घासण्याच्या ब्रशने काढायचे, ही पद्धत बरी ठरली. व्हिनेगर किंवा लिंबू मात्र चुकूनही लावायचे नाही. कानातील खडा कॅल्शियम कार्बोनेटचा असतो आणि आम्लात तो विरघळून जातो.

खडा काढण्याची कृती सविस्तर नोंदवून ठेवते, कारण पुढे विद्यार्थ्यांना ती करायची आहे. ढोम्याचे डोके उताणे धरून कल्ले काढून टाकले की कवटीच्या तळाशी, मणक्यांची माळ जिथे कवटीला जोडली जाते त्याच्या थोडे पुढे, दोन्ही बाजूंना फुगीर हाडाचे दोन उंचवटे दिसतात. तिथे नखाएवढी खिडकी कापली की आत पातळ द्रवात पांढराशुभ्र, चिनी मातीच्या तुकड्यासारखा खडा पहुडलेला असतो. त्याच्या एका बाजूला वाकडी खाच असते, आणि या खाचेच्या आकारावरून मासा कोणत्या जातीचा हे सांगता येते. डावा आणि उजवा खडा एकमेकांचे आरशातील प्रतिबिंब असतात. उत्खननात एकाच जातीचे सात डावे आणि चार उजवे खडे मिळाले, तर मासे किमान सात होते, असे धरतात. सुट्या हाडांचे नुसते ढीग मोजले तर आकडे फुगतात. किमान किती जीव होते, हा हिशेब अधिक सावध आहे.

१४ मे

बोंबील हातून गेला. तीन बोंबील पावडरच्या पाण्यात ठेवले होते. दुसऱ्या दिवशी भांड्यात जबड्याचे आणि दातांचे काही बारीक तुकडे तेवढे उरले. बोंबलाचा सांगाडा इतका मऊ असतो की मांसाबरोबर तोही गेला. मुशीचा सांगाडा तर कूर्चेचाच. तिचे दात आणि मणक्यांच्या चकत्या हाती लागल्या, बाकी काही नाही. याउलट शिंगाळ्याच्या पाठीवरचा आणि छातीकडच्या परांतला दातेरी काटा इतका टणक निघाला की तो हजारो वर्षे टिकतो यात नवल वाटू नये.

या दोन भांड्यांत सगळी अडचण समोर आली. उकिरड्यात शिंगाळा दिसेल, मुशी थोडीशी दिसेल आणि बोंबील दिसणारच नाही. मग त्या वस्तीत कोणी बोंबील खात नव्हते, असे म्हणायचे का?

२२ मे

आज करकऱ्याची हाडे मांडून झाली आणि त्यांच्याबरोबर बालाकोटची टिपणे पुन्हा वाचली. बालाकोट हे पाकिस्तानातील मकरान किनाऱ्यावर, सोनमियानीच्या खाडीजवळचे हडप्पाकालीन स्थळ असून जॉर्ज डेल्स यांनी १९७३ पासून काही हंगाम तिथे उत्खनन केले. विल्यम बेल्चर यांनी तिथल्या माशांची हाडे अभ्यासली, तेव्हा त्यांत करकऱ्याचे प्रमाण फार मोठे निघाले. आपल्या किनाऱ्यावर ज्याला करकरा म्हणतात, तोच हा मासा. पाण्याबाहेर काढला की घशातील दात घासून करकर आवाज करतो. खाड्यांत आणि किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात तो येतो, त्यामुळे त्यासाठी खोल समुद्रात जावे लागत नाही. माशाची जात कळली की तो कुठल्या पाण्यात पकडला, त्यासाठी कसली होडी आणि कसले जाळे लागले असेल, याचा अंदाज बांधता येतो. एका जातीच्या नावामागे असे अख्खे कौशल्य उभे असते.

याच किनाऱ्याबद्दल ग्रीकांनी लिहून ठेवले आहे. अलेक्झांडरचा नौदलप्रमुख निआर्कस इ. स. पू. ३२५ मध्ये सिंधूच्या मुखापासून पश्चिमेकडे निघाला, आणि वाटेतील लोकांना त्याने मत्स्यभक्षक म्हटले. ते मासे वाळवून त्याचे पीठ करतात आणि भाकरी भाजतात, त्यांची गुरेही मासळी खातात, आणि देवमाशांच्या हाडांची घरे बांधतात, असा वृत्तांत आरिआन या ग्रीक इतिहासकाराच्या ग्रंथात आला आहे. तो वाचताना थरार वाटतो. परंतु तो पाहुण्याच्या नजरेतून लिहिलेला आहे, हे विसरता कामा नये. बालाकोटचे लोक त्याच्याही सुमारे दोन हजार वर्षे आधीचे, आणि रिचर्ड मेडो यांनी अभ्यासलेल्या तिथल्या हाडांत गायीगुरे आणि शेळ्यामेंढ्याही आहेत. किनाऱ्यावर राहणारा माणूस मासेच खातो, ही समजूत हाडे मोडून काढतात. त्याच्या ताटात समुद्र होता, गोठाही होता.

एक सावधगिरीची नोंद: बालाकोटला शिंपल्यांच्या बांगड्या बनत असत. कच्छच्या आखाताजवळच्या नागेश्वर या हडप्पाकालीन गावात तर शंख कापून बांगड्या आणि मोठ्या काटेरी गोगलगायीच्या कवचापासून पळ्या करण्याचा उद्योगच होता. तेव्हा कवचांचा ढीग दिसला म्हणजे जेवणाचा उष्टा ढीग दिसला, असे गृहीत धरता येत नाही. करवतीच्या खुणा आणि अर्धवट कापलेली कडी शोधावी लागतात. जिवंत प्राणी काढून खाल्ला आणि कवच कामाला लावले, असेही झाले असेल.

२ जून

चाळणीचा प्रयोग केला. बांगड्याच्या कण्यात ३१ मणके असतात. दोन बांगड्यांचे ६२ मणके अंगणातील मातीत मिसळले, पाणी घातले, चांगले सुकू दिले आणि मग माझ्या विद्यार्थिनीला, काय शोधायचे हे सांगून, आधी नुसत्या हाताने वेचायला लावले. डोळे चांगले, हात चपळ, तरी तिच्या हाती फार थोडे मणके लागले, आणि तेही पांढऱ्या रंगामुळे. मातीत शेकडो वर्षे राहून तपकिरी झालेला मणका तिला दिसलाच नसता. नंतर तीच माती पाच मिलिमीटरच्या जाळीतून चाळली, तेव्हा काही आणखी मिळाले. पण निम्म्याहून जास्त मणके जाळीतून खाली पडले. दोन मिलिमीटरच्या जाळीवर पाणी सोडून माती धुतली तेव्हा कुठे बहुतेक सगळे वर राहिले.

ती उठून म्हणाली, “मॅडम, म्हणजे जुन्या खोदकामांत मासे नव्हते, की जाळी नव्हती?” हाच प्रश्न आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जगात बहुतेक ठिकाणी हाडे हाताने वेचली जात. त्यामुळे त्या काळच्या याद्यांत बैल, हरीण, डुक्कर ठळक दिसतात आणि बारीक मासळी जवळजवळ नाहीशी होते. अशा यादीवरून एखाद्या वस्तीचा आहार सांगणे म्हणजे घरातील मोठी भांडी मोजून जेवणात काय होते ते सांगण्यासारखे आहे.

१२ जून, बुधवार

गोदाघाटावरच्या बुधवारच्या बाजारात सुकी मासळी घेतली: सुके बोंबील, जवळा, खारा बांगडा आणि थोडे सोडे. पावसाळ्याच्या तोंडाशी सह्याद्रीच्या घाटावरच्या घरांत हीच मासळी चालते. समुद्र इथून डोंगराच्या पलीकडे आहे, पण मिठात आणि उन्हात तो घाट चढून येतो.

हे आजचेच नाही. समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत असलेल्या हडप्पा शहराच्या उत्खननात बेल्चर यांना सागरी शिंगाळ्याची हाडे सापडली. तिथे रावी नदीची मासळी होती, तरी कोणीतरी समुद्राची मासळी तिथवर नेली, आणि ती ताजी नेणे शक्यच नव्हते. ती सुकवलेली किंवा खारवलेली असणार. एका दातेरी काट्याने किनाऱ्यावरचे वाळवण, वाहतूक आणि शहरी गिऱ्हाईक या तिन्हींचा पत्ता लागतो.

उत्तर युरोपात यासाठी एक ठरलेली खूण मानतात. नॉर्वेच्या उत्तर किनाऱ्यावर कॉड मासा थंड वाऱ्यात सुकवण्यापूर्वी त्याचे डोके कापून टाकत. डोकी किनाऱ्यावर राहत, मणके आणि खांद्याची हाडे माशाबरोबर दूरच्या शहरांत जात. म्हणून मध्ययुगीन शहराच्या उकिरड्यात मणके भरपूर आणि डोक्याची हाडे कमी दिसली, तर मासा सुकवून बाहेरून आलेला असण्याची शक्यता मोठी.

ही खूण आपल्याकडे तशीच लावता येईल का, हे पाहण्यासाठी आजची खरेदी टेबलावर पसरली. सुक्या बोंबलाला डोके आहेच, कारण दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ती जोडी वलांडीवर, म्हणजे मासे वाळवायच्या मांडणीवर, टांगतात. डोक्याशिवाय तो असा टांगताच येणार नाही. जवळा अख्खाच असतो. सोडे म्हणजे सोललेली कोळंबी. तिची टरफले किनाऱ्यावरच राहतात, आणि तीही मातीत लवकर कुजतात. तेव्हा कोकणातून घाटावर सर्वांत जास्त येणारी मासळी नेमकी तीच आहे, जिच्यातून मातीत काहीच उरत नाही: बोंबलाचे मऊ काटे, जवळ्याचे पापुद्रे, आणि सोड्यांचे तर काहीच नाही. नॉर्वेची खूण इथे उपयोगाची नाही. हा विचार संपूर्ण प्रकल्पातील मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. किनारपट्टीवर जे रोज खाल्ले जाते आणि गरिबाच्या घरी पोचते, त्याचाच पुरावा सर्वांत दुबळा असतो. मोठ्या माशाचा, टणक काट्याचा पुरावा राहतो.

२८ जून

पावसाची झड. दोन डब्यांवरच्या चिठ्ठ्या ओल्या होऊन शाई पसरली आणि त्यांतली हाडे कोणत्या माशाची, हे आता खात्रीने सांगता येत नाही. अंदाजाने नाव लिहिण्याचा मोह झाला, पण दोन्ही डबे संग्रहातून काढले. ओळख गमावलेले हाड संदर्भ म्हणून वापरले, तर पुढची प्रत्येक ओळख चुकते. यापुढे क्रमांक हाडावरच काळ्या पक्क्या शाईने घालायचा.

७ जुलै

कालवांचे आणि तिसऱ्यांचे शिंपले धुऊन मांडले. शिंपल्यांच्या ढिगाचा विषय निघाला की डेन्मार्कपासून सुरुवात करावी लागते. १८४८ मध्ये तिथे एक समिती नेमली गेली. तीत प्राणिशास्त्रज्ञ यापेतुस स्टीनस्ट्रुप, पुरातत्त्वज्ञ वोर्साए आणि भूगर्भशास्त्रज्ञ फोर्खहामर होते. किनाऱ्यावरचे कालवांचे प्रचंड थर समुद्राने टाकले की माणसाने, हा प्रश्न त्यांच्यापुढे होता. थरांत कोवळी कालवं जवळजवळ नाहीत, खाण्याजोगी मोठीच आहेत. त्यांत चुलींची राख, गारगोटीची हत्यारे आणि फोडलेली हाडे आहेत. म्हणून हे स्वयंपाकाचे उकिरडे, असा निष्कर्ष निघाला. जपानमध्ये एडवर्ड मोर्स यांना १८७७ मध्ये रेल्वेने योकोहामाहून तोक्योला जाताना ओमोरीजवळच्या कापलेल्या दरडीत असाच शिंपल्यांचा थर खिडकीतून दिसला.

स्टीनस्ट्रुप यांचे मला सर्वांत भावलेले काम मात्र वेगळे आहे. ढिगांत पक्ष्यांच्या आणि जनावरांच्या लांब हाडांचे मधले दांडे मिळत, टोके मिळत नसत. त्यांनी कुत्र्यांना हाडे खायला घालून पाहिले, तेव्हा कुत्रे मऊ टोके चावून खातात आणि टणक दांडे सोडतात, हे दिसले. गल्लीतल्या कुत्र्याला मटणाची चार नळीची हाडे देऊन मीही आठवडाभर पाहिले. सांध्याकडची सच्छिद्र, स्निग्ध टोके पहिल्याच दिवशी गेली आणि दांड्यावर दातांच्या आडव्या खाचा उरल्या. त्यांतले एक हाड, सुरीची खूण असलेल्या हाडाशेजारी, तक्त्यावर चिकटवले आहे. सुरीची रेघ अरुंद आणि तळाशी टोकदार असते. दाताची खाच रुंद आणि गोलसर. विद्यार्थ्यांना भिंग देऊन हा फरक दाखवायचा.

शिंपल्यांचा ढीग डोळे दिपवतो आणि म्हणूनच फसवतो. एका लाल हरणाच्या मांसाइतकी ऊर्जा मिळवायची तर ५२,२६७ कालवं लागतील, असा हिशेब जेफ बेली यांनी १९७८ मध्ये मांडला. हरणाची हाडे एका टोपलीत मावतात. तेवढ्या कालवांच्या कवचांची टेकडी होते. तरीही कालवं क्षुल्लक होती, असे मी म्हणणार नाही. शिकार न मिळण्याच्या दिवसांत, ओहोटीला, लहान मुलांना घेऊन बायकांना गोळा करता येईल असे ते अन्न होते, आणि आजही आपल्या खाड्यांत कालवं फोडायला बायकाच जातात.

कवचांचा आणखी एक उपकार आहे. कोकणातील जांभ्याची माती आम्लधर्मी असल्याने हाडे विरघळवते. शिंपल्यांच्या थरात मात्र चुन्यामुळे ती टिकतात. इकडची काळी माती आम्लधर्मी नाही, पण ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, हाडे मोडते आणि वरचे खाली नेते. म्हणजे दोन वस्त्यांच्या याद्यांतील फरक लोकांच्या जेवणाचा आहे की मातीचा, हे आधी विचारायला हवे.

२१ जुलै

उकिरड्यातील हाडे जेवणाचे उष्टे सांगतात; जेवणाऱ्याचे हाड स्वतः काय सांगते, यावर आज टिपण केले. माणसाच्या हाडातील प्रथिनात कार्बनच्या जड आणि हलक्या समस्थानिकांचे, म्हणजे कमीजास्त वजनाच्या अणूंचे, प्रमाण त्याने वर्षानुवर्षे काय खाल्ले त्यानुसार बदलते. हेन्रिक टाउबर यांनी १९८१ मध्ये डेन्मार्कमधील हाडे तपासली, तेव्हा मध्याश्मयुगीन, म्हणजे शेती येण्यापूर्वीच्या, माणसांची मूल्ये समुद्री आहाराकडे झुकलेली आणि शेती आल्यानंतरची जमिनीवरच्या आहाराकडे वळलेली दिसली.

आपल्याकडे ही पद्धत जशीच्या तशी उचलली तर चूक होईल. ज्वारी, बाजरी, नाचणी या पिकांची प्रकाशसंश्लेषणाची रीत वेगळी असल्यामुळे त्यांतील कार्बनही समुद्री अन्नासारखा जडच असतो. म्हणजे कार्बनच्या एकट्या आकड्यावर बाजरीची भाकरी खाणारा घाटावरचा माणूस आणि मासळी खाणारा किनाऱ्यावरचा माणूस एकमेकांजवळ येऊ शकतात. तांदूळ आणि गहू यांत हा घोटाळा नाही. म्हणून नायट्रोजनही पाहावा लागतो. अन्नसाखळीच्या प्रत्येक पायरीला त्याच्या जड समस्थानिकाचे मूल्य दर हजारी ३ ते ४ ने वाढते, आणि समुद्रातील साखळी लांब असल्याने मासळी खाणाऱ्याचे मूल्य वर जाते. त्यातही उष्ण हवामानात हाडातील प्रथिन लवकर नष्ट होते. डेन्मार्कचे उत्तर सोपे आले, कारण तिथे बाजरी नव्हती. हे वाक्य तक्त्यावर मोठ्या अक्षरांत लिहायचे ठरवले आहे.

४ ऑगस्ट

विद्यार्थ्यांना घेऊन पांडवलेण्यांवर गेलो. क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याच्या दहाव्या लेण्यातील लेखात शूर्पारकाचे, म्हणजे आजच्या सोपाऱ्याचे, नाव आहे. तापी, दमण, डहाणू अशा नद्यांवर त्याने फुकट नावा ठेवल्याचे आणि नानंगोल गावातील ३२,००० नारळाची झाडे दान दिल्याचेही लिहिले आहे. थळघाटाने किनारा या डोंगराशी जोडलेला होता, याचा याहून सबळ पुरावा नको. पण मुलांना मी मुद्दाम एका लहान लेण्याकडे नेले. तिथे दासक मुगूदास याने आपल्या परिवारासह ते लेणे दिल्याची नोंद कोरलेली आहे, आणि दासक या शब्दाचा अर्थ अभ्यासकांनी कोळी असा लावला आहे. राजाच्या जावयाच्या लेखात नारळ मोजलेले आहेत, मासळी नाही. एका कोळ्याचे नाव मात्र दगडात आहे.

परतताना गोदावरीकाठी मातीच्या गढीकडे पाहून घेतले. हसमुख सांकळिया आणि शां. भा. देव यांनी १९५०-५१ मध्ये तिथे उत्खनन केले होते. तसल्या थराची माती आज कोणी बारीक जाळीत धुतली तर घाट चढून आलेल्या शिंगाळ्याचा एखादा काटा मिळेल का, हे पाहण्याची माझी फार इच्छा आहे.

१९ ऑगस्ट, नारळी पौर्णिमा

ताजी मासळी पुन्हा बाजारात आली. आजच्या ढोम्याचे खडे मे महिन्यातील खड्यांशेजारी ठेवून मापे घेतली. ही तुलना स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील ओरनसे बेटावरून घेतली आहे. तिथल्या मध्याश्मयुगीन शिंपल्यांच्या ढिगांत कॉडच्या कुळातील सेथ नावाच्या माशाचे खडे मिळाले. पिल्ले ठरावीक काळात जन्मतात आणि भराभर वाढतात, त्यामुळे खड्याच्या लांबीवरून मासा वर्षाच्या कोणत्या ऋतूत पकडला हे मेलर्स आणि विल्किन्सन यांनी १९८० मध्ये दाखवले. वेगवेगळ्या ढिगांचे ऋतू वेगवेगळे निघाले. आपल्या उबदार पाण्यात खड्यातील वार्षिक वलये इतकी ठळक उठत नाहीत आणि अनेक जातींची अंडी घालण्याची मुदत लांब असते, त्यामुळे इथे असे उत्तर मिळवायला दर महिन्याचे नमुने लागतील. पुढच्या मेपर्यंत दर महिन्याला ढोम्याची पाच डोकी घेण्याचे ठरवले. मावशींनी ती बाजूला ठेवण्याचे कबूल केले आहे.

संध्याकाळी पहिला लाकडी ट्रे पूर्ण केला. बारा खणांपैकी अकरा भरले: करकरा, ढोमा, शिंगाळा, बांगडा, पापलेट, मुशीच्या चकत्या, कालव, तिसऱ्या, कुत्र्याने चावलेले हाड, सुरीची खूण असलेले हाड, चाळणीत सापडलेले मणके. बारावा खण रिकामा ठेवून त्यावर “बोंबील” अशी चिठ्ठी लावली आहे.